परसोंचा ढोलवाला

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलगी पेपरवर वाकली आहे की मांडीवरच्या चिठ्ठीवर, हे मला तिच्या मानेवरून कळायचं. हा स्वभाव शाळेच्या फाटकाशी काढून ठेवता येत नाही. लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले तेव्हा तो माझ्या ट्रंकेतूनच आला. आल्या आल्या मी दुधात शाळेतलं दुग्धमापक बुडवून पाहिलं होतं. दूधवाला गेल्यावर नाही, त्याच्या समोर. तो बिचारा नंतर कितीतरी दिवस मला पाहिलं की कॅन झाकून धरायचा, आणि त्यामुळे माझा संशय आणखीच वाढायचा.

आमचं घर गौलीगुड्यात, पहिल्या मजल्यावर. सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादची, सगळी सरकारी नोकरीतली. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घरात मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. सर्व्हे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतरही हातात पट्टी आणि पेन्सिल नसली तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. त्यांचं मराठी ऐकून पहिले सहा महिने मी गालातल्या गालात हसत होते. ‘हो’ला ‘हौ’ म्हणायचे, ‘परेशान नको होऊ’ म्हणायचे, भाजीवाल्याशी तेलुगूत भांडायचे आणि पुन्हा माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत भांडणाचा सारांश सांगायचे.

मामंजींकडे शिशाचे शिपाई होते. एकेक बोटाएवढा, रंगवलेला. भालेवाले घोडेस्वार, बंदूकवाले पायदळ, आणि चौदा जणांचा बँड. तरुणपणापासून गुरुवारच्या जुन्या बाजारात धुंडाळून, कुठल्या कुठल्या नवाबांच्या देवड्यांतून, म्हणजे वाड्यांतून, निघालेल्या मोडक्या खेळण्यांतून त्यांनी हे गोळा केलेले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी आमच्याच रस्त्यावरून संस्थानच्या फौजेची मिरवणूक जाताना पाहिली होती. ती मिरवणूक दर दिवाळीला ते पुढच्या खोलीत मोठ्या टेबलावर मांडायचे. रस्ता, नदीवरचा पूल, दुतर्फा कमानींची दुकानं, वर लाकडी सज्जे, सज्ज्यात बघे, आणि मधून शिपाई. महाराष्ट्रात मुलं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे उभे करतात. मीही केलेले आहेत. पण हे प्रकरण निराळं होतं. मामंजी त्याला ‘देखावा’ म्हणायचे. गल्लीतली सगळी माणसं बघायला यायची. देखावा म्हणजे मांडणी आणि देखावा म्हणजे ढोंगही, हा विचार माझ्याशिवाय त्या घरात कोणाच्या मनात आला नसेल.

शिपाई मामंजींचे, पण इमारती त्यांच्या मित्राच्या. हे कोठी भागातले पुस्तकं बांधणारे, जिल्दसाज. शाळा-कॉलेजांच्या रस्त्याला लागूनच त्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे एवढं. मी त्यांना चाचा म्हणायचे. जाड पुठ्ठा, खळ आणि चामडं कापायची रापी एवढ्यावर ते अशी कमान कापायचे की तिच्यातून वारा जातोय असं वाटावं. अंड्याची टरफलं कुटून भिंतींना चुन्याचा गिलावा. तीस वर्षं दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे येत. दोघं म्हातारे टेबलाच्या दोन बाजूंना बसत, बोलत थोडं आणि डिंक सांडत फार. रविवारची ही सकाळ मामंजींची एकच चैन होती. आठवडाभर ते तिच्या अलीकडे किंवा पलीकडे असत.

मला चाचांबद्दल पहिल्यापासून जरा वाटायचंच. काय वाटायचं ते सांगता येत नाही. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असायची. दाराची उंची शिपायाच्या मापाने जमावी म्हणून ते एखादा शिपाई त्या पिशवीतून घेऊन जात आणि पुढच्या रविवारी परत आणत. मामंजी बघतसुद्धा नसत. मी बघायचे. गेलेला शिपाई तोच परत आला का, हे दारामागून पाहायचे. प्रत्येक वेळी तोच आलेला असे, आणि प्रत्येक वेळी मला वाटे, आज सुटले.

त्या काळात संशय घ्यायला कारणंही भरपूर होती. बाजार नुकता खुला झाला होता. कोठीच्या दुकानांत रोज काहीतरी नवं लटकायचं, आणि ते खरं परदेशी की मागच्या गल्लीत चिकटवलेलं, हे दुकानदारालाही ठाऊक नसावं. घरोघर केबल आली. नव्या टीव्हींच्या खोक्यांतला थर्माकोल मामंजी शेजाऱ्यांकडून मागून आणत, डोंगर करायला. नवरा जुनी पक्की नोकरी सोडून एका नव्या कंपनीत गेला होता आणि टाय लावू लागला होता. आणि जुन्या वस्तूंना एकाएकी भाव आला होता. नवी हॉटेलं, नवी ऑफिसं, त्यांना दाराशी मांडायला जुनं काहीतरी हवं होतं. लोक गल्लीगल्लीतून समया, घड्याळं, दरवाजे गोळा करत हिंडत होते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी झापड, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. म्हणून शिपाई काढून पुसायचं काम माझ्याकडे आलं. चार वर्षांत पहिल्यांदा. तोवर त्यांना मामंजींशिवाय कोणी हात लावत नसे. नवऱ्याला तर ते जवळही येऊ देत नसत, आणि तोही कधी आला नाही. मामंजी आतल्या खोलीतून म्हणाले, “सांभाळून हं. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे.” हे वाक्य मला फार लागलं. चांगल्या अर्थाने लागलं. त्या घरात मी सून होते, त्या दिवशी मी कोणीतरी झाले.

बुधवारी मी बँड पुसून मांडला. गुरुवारी दुपारी एक माणूस आला. सफारी सूट, गळ्यात चष्म्याची साखळी, अत्तराचा भपकारा. म्हणाला, मी जुन्या वस्तू घेतो, तुमच्या सासऱ्यांकडचे शिपाई ऐकून आलोय. मामंजींनी आतूनच ‘विकायचे नाहीत’ म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बघू तर द्या. खिशातून भिंग काढून त्याने एकेक शिपाई पाहिला. बँडच्या मधोमध वाघाचं कातडं पांघरलेला ढोलवाला होता, सगळ्यांत देखणा. त्याला उचलून त्याने बराच वेळ पाहिलं, बारीकसं हसला आणि ठेवून दिला. जाताना विचारलं, “या इमारती कोठीच्या त्या जिल्दसाजांच्या ना? जातो मी त्यांच्याकडे नेहमी.” झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

शुक्रवारी संध्याकाळी पंखा लावला आणि ढोलवाला पडला. तेरा जण उभे, हा एकटा आडवा. उभा केला, पुन्हा पडला. शिशाचा माणूस पंख्याच्या वाऱ्याने पडत नाही. मी त्याला एका तळहातावर आणि शेजारच्या झांजवाल्याला दुसऱ्या तळहातावर घेतलं. डोळे मिटले. ढोलवाला हलका होता.

शनिवारी दोघांना रुमालात गुंडाळून शाळेत नेलं. मी इथे शिकवत होते ती मुलींची शाळा जामबागेत. शनिवारी अर्धा दिवस. मुली गेल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. आधी तराजू, मग मोजपात्रात पाणी. शिसं पाण्याच्या अकरापट जड. झांजवाला बरोबर उतरला. ढोलवाला चारपटसुद्धा भरला नाही. मग मी सुईने त्याच्या तळाचा रंग जरा खरवडला. आत कागदाचा लगदा आणि खळ, आणि वजनाला बसवलेले सायकलचे छर्रे. कागद, खळ! या शहरात शिपायाच्या अंगात खळ भरणारा माणूस कोण, हे सांगायला मला भिंगाची गरज नव्हती. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. कॉपी सापडल्यावर होतो तसा.

तशीच चालत कोठीला गेले. चाचा दुकानात एकटे होते, कुठल्याशा कायद्याच्या पुस्तकाला पुठ्ठा चढवत. मी काही न बोलता ढोलवाला त्यांच्या पुढ्यात उभा केला. तो पडला. मी म्हटलं, “चाचा, ये असली नहीं है. असली कहाँ गया?”

ते चपापले. मी मान पाहिली; मान सांगते. त्यांनी रस्त्याकडे एकवार बघितलं आणि आवाज खाली आणला. “असली तो गया, बहू. परसोंच गया. साहब आको खड़े, क्या करता मैं? येइच बना को रख दिया. बड़े साहब को नक्को बोलो, दिल दुखता उनका.”

परसोंच. त्या एका ‘च’ने माझा घात केला. हैदराबादी बोलीतला हा ‘च’ आपलाच आहे, मराठीतून गेलेला. त्यामुळे ती बोली मला नीट कळते असा माझा ठाम समज होता. परसोंच म्हणजे परवाच. शनिवारच्या परवा गुरुवार. गुरुवारी दुपारी सफारी सूटवाला आमच्याकडे आला होता, आणि जातो नेहमी असं म्हणाला होता. साहब आको खड़े. म्हणजे रविवारी पिशवीतून असली नेला, जागी हा ठेवला आणि गुरुवारी विकला. आणि वर मलाच सांगतायत, मामंजींना बोलू नको! मी ढोलवाला रुमालात बांधला आणि पायऱ्या उतरले. त्यांनी माझ्यासाठी पुढे सरकवलेलं स्टूल तसंच रिकामं राहिलं.

रविवारी सकाळी ते नेहमीच्या वेळेला आले. मामंजी आत झापड लावून पडले होते, नवरा न्हाणीघरात दाढी करत होता. मी चाचांना जिन्यातच गाठलं. त्यांच्या हातात नवं घर होतं, दोन मजली, गुलाबी; समोरची भिंत आणि सज्जा झाला होता, छप्पर व्हायचं होतं. मी दारात उभी राहिले, आत वाट राहू नये अशी. म्हटलं, “चाचा, आता येत जाऊ नका. मामंजींना आराम हवा आहे. आणि ढोलवाल्याचं मला सगळं कळलंय. परसों कोणाला दिलात तेही.”

त्यांना माझं मराठी कळायचं.  मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, न्हाणीघराच्या दिशेने, जिथून नळाचा आवाज येत होता. मला वाटलं, पळवाट शोधतायत. त्यांनी ते अर्धं घर पायरीवर ठेवलं, सांभाळून, भिंतीकडे टेकवून. “अच्छा,” म्हणाले. आणि उतरून गेले. जिन्याच्या वळणावर त्यांनी कठड्याला हात लावला एवढंच मला दिसलं.

हे मी मामंजींना सांगितलं नाही. का? दिल दुखेल म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या रविवारी ते सकाळपासून कानोसा घेत होते. नऊ वाजले, दहा वाजले. “जिल्दसाज आला नाही का ग?” मी म्हटलं, त्यांच्याकडे कामाची घाई आहे, निरोप होता. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, त्यांना ताप आहे. मुलींच्या खोट्या सबबी ओळखण्यात हयात घालवलेली मी, घरात बसून सबबींवर सबबी रचत होते आणि त्या खपत होत्या, कारण समोरच्याच्या डोळ्यावर झापड होती. मामंजी म्हणाले, “ताप आहे तर जाऊन बघून ये. सोबत थोडं लिंबाचं लोणचं ने.” मी लोणचं शाळेतल्या बाईंना देऊन टाकलं. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते आहे.

मामंजींचं काहीतरी उतरत चाललं होतं. जेवायचे, बोलायचे, पण रविवारी सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून टेबलाशी जाऊन बसायचे. समोरची खुर्ची रिकामी. एकदा मी पाहिलं, ते चाचांची डिंकाची वाटी कोमट पाण्याने धुऊन ठेवत होते. मला गलबलून आलं. पण लगेच मनाने उसळी मारली की बघ, असा माणूस आणि त्यालाच फसवलं त्यांनी! राग चाचांवरच वाढला. संशयाला खायला घालायला मी काहीही पुरवत होते.

धनत्रयोदशीला मामंजींची झापड सुटली. नवा चष्मा आला. त्याच दुपारी ते देखावा मांडायला बसले. नवऱ्याला सुट्टी होती. तो, कधी नव्हे तो, पुलाचा थर्माकोल कापून देत होता. मी शेजारी उभी राहिले. मामंजींनी बँडचे शिपाई एकेक करून उचलले. झांजवाला, तुतारीवाला, आणि मग ढोलवाला. त्याला तळहातावर घेतलं, अंगठ्याने त्याच्या पाठीवरचं वाघाचं कातडं पुसलं आणि बँडच्या मधोमध उभा करून, तळाशी मेणाचा ठिपका लावून दाबला. पंख्यात पडू नये म्हणून. सवयीने.

माझ्याच्याने राहवलं नाही. “मामंजी, तो खोटा आहे.”

“हौ,” ते म्हणाले. “हा परवा केलेला.”

“परवा नव्हे हो, गेल्या महिन्यात. गुरुवारी.”

“कुठल्या गुरुवारी? अग परवा म्हणजे, हा आठवीत होता तेव्हा.” त्यांनी मान न वळवता पेन्सिलीने मुलाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, दाखवलं.

नवऱ्याच्या हातातली पट्टी थांबली. पस्तिशीला आलेला, टाय लावणारा माणूस कानापर्यंत लाल झाला. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“सर्व्हे खात्यात होतो मी. वजन कळत नाही का हाताला?”

मग ते बाहेर पडलं, तुकड्यातुकड्याने. नवऱ्याच्या वर्गात एक मुलगा होता, वडील आखातात. त्याच्याकडे परदेशी पेन होतं, दाबलं की टोक आत जाणारं. त्या काळात तसं पेन दुकानात मिळत नसे. आता कोठीत फुटपाथवर मूठमूठ विकत होते. त्या पेनापायी नवऱ्याने ढोलवाला दिला. दिल्यावर घाबरला. पेन गटारात टाकलं आणि रडत चाचांच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. चाचा त्याला साहब म्हणत. बड़े साहब मामंजी, आणि हा नुसता साहब. आठवीतल्या पोराला! चाचांनी रात्रंदिवस बसून दुसरा ढोलवाला घडवला, आणि तीच रविवारची पिशवी घेऊन येऊन गुपचूप पेटीत ठेवला. तेव्हापासून चाचांना वाटत होतं मामंजींना माहीत नाही. नवऱ्याला वाटत होतं मामंजींना माहीत नाही. मामंजींनी त्याच संध्याकाळी हातात घेऊन ओळखलं होतं आणि इतकी वर्षं मेणाचा ठिपका लावत होते.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“काय बोलू? त्याने एवढी मेहनत केली. आणि हा महिनाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हता. आणखी काय पाहिजे होतं?” ते हसले. “असल्यापेक्षा मला हाच आवडतो आता.”

सफारी सूटवाला का हसला होता ते मला तेव्हा कळलं. जिन्यात चाचांची नजर न्हाणीघराकडे का गेली, तेही. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. पण तो शब्द माझ्या नवऱ्याचा होता आणि त्यांनी तो वीस वर्षं जपला होता. आणि मी, विज्ञानाची बाई! वजन केलं, पाणी मोजलं, आणि आधीचं वजन मुळात माझ्याकडे नाही, हे साधं ध्यानात आलं नाही. शिपाई मी पहिल्यांदाच हातात घेतला होता. तो परवा बदलला की मी लहान असताना, हे मला कोणी सांगितलं होतं? एका ‘च’ने. परसों म्हणजे या शहरात गेलेला नाहीतर यायचा कुठलाही दिवस असतो, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मामंजींनी चष्मा काढला. पुसला. “जिल्दसाजाला ताप आहे म्हणालीस.”

मी टेबलावरचा वाळलेला डिंक नखाने खरवडू लागले.

“तू त्याला काही बोललीस का?”

मी खाली बसून सगळं सांगितलं. जिना, पायरी, अच्छा. लोणच्याचंसुद्धा सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ढोलवाल्याचं मेण पुन्हा एकदा दाबलं, पक्कं बसलं होतं तरी, आणि म्हणाले, “उद्या जा.”

गेले. कोठीत दिवाळीची गर्दी उसळली होती. चाचा दुकानात होते. मला पाहून उठले, स्टूल पुसलं, समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. मी उभ्यानेच बोलायला लागले, अर्धं मराठीत, अर्धं माझ्या मोडक्या हिंदीत. चुकलं म्हटलं. मला परसों कळलं नाही म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि लोक बघत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. ते ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, “चाय ठंडी होरी, बहू.” मामंजींच्या डोळ्याची चौकशी केली. थेंब वेळेवर घालतात ना, विचारलं. नवऱ्याची नवी नोकरी कशी आहे, विचारलं. कुठेही काही अडलेलं नव्हतं. एका शब्दानेही त्यांनी मला टोचलं नाही, आणि हेच मला सहन होईना. नक्को म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं, पाय धरता आले असते.

शेवटी मी म्हटलं, “मामंजी वाट बघतायत. घराचं छप्पर राहिलंय. येणार ना?”

“हौ, आतौं ना,” ते म्हणाले. पुस्तकाच्या पाठीवर खळ लावत होते, वर बघितलं नाही. “परसों आतौं, बोलो बड़े साहब को.”

मी घरी आले. मामंजी टेबलाशीच होते. ते अर्धं गुलाबी घर त्यांनी पुलाशेजारी मांडलं होतं, छप्पर नसलेलं, वरून आत बघता येईल असं. समोरची खुर्ची ओढून ठेवलेली. “काय म्हणाला? कधी येतो?”

मला वाटलं, खोटं बोलावं. उद्या येतो म्हणाले, असं सांगावं. एक दिवस तरी मिळेल. पण खोटं बोलून झालं होतं माझं.

“परसों येतो म्हणाले.”

मामंजींनी ऐकलं. थोडा वेळ रस्त्यावरचे घोडे सरळ केले. मग उठले, डिंकाची वाटी उचलली, आणि ती खुर्ची दोन्ही हातांनी धरून भिंतीशी नेऊन ठेवली.

त्याला आता किती वर्षं झाली. चाचा आले नाहीत. ईदेला, दिवाळीला दोन्हीकडून निरोप जायचे, तब्येत विचारली जायची, सगळं नीट चालायचं. फक्त रविवार परत आले नाहीत. मग एकेक करून दोघेही गेले. देखावा आता माझ्याकडे असतो, नव्या फ्लॅटमध्ये, आणि दर दिवाळीला मीच मांडते. ढोलवाल्याला मेण लावते. बघायला आलेलं कोणी ना कोणी विचारतंच, सगळं एवढं सुबक आहे आणि पुलाजवळच्या या एका घराला छप्पर का नाही? मी सांगते, कारागीर यायचे आहेत. परसों येणार आहेत.